शनिवारची थ्री फेज

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन बाकड्यावर बसून देश चालवतात. मी एक संगणक विकत घेतला. यात हसण्यासारखं काही नाही असं मला वाटत होतं. पण तो उतरवायला सहा हमाल लागले, गल्लीत बघ्यांची गर्दी झाली आणि समोरच्या काकूंनी माझ्या बायकोला विचारलं, "पिठाची गिरणी टाकताय का?"

आता संगणक म्हटलं की मांडीवर ठेवायची वस्तू डोळ्यांपुढे येते. हा मांडीवर ठेवला तर मांडी उरणार नाही. माणसाच्या उंचीची चार लोखंडी कपाटं, त्यांच्या पोटात उभी रचलेली सर्किटची शेकडो कार्डं, कपडे धुण्याच्या मशीनसारखं दिसणारं डिस्कचं खोकं, मोठाल्या टेपांची जोडी आणि एक प्रिंटर. हा प्रिंटर छापायला लागला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. एवढ्या सगळ्या पसाऱ्याची अक्कल माझ्या नातीच्या खेळण्यातल्या घड्याळापेक्षा कमी आहे, हे जावयानं मला तीन वेळा सांगून झालंय. मला ते माहीत आहे. मी तो अकलेसाठी घेतलेला नाही, हे मात्र जावयाला कळत नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी याच मशीनचा ऑपरेटर होतो. अख्ख्या कारखान्यात गार हवेची खोली तेवढी एकच, आणि ती माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. चपला बाहेर काढून आत जायचं. मे महिन्यात मोठमोठे साहेब काहीतरी निमित्त काढून आत येत आणि उगाच टेपांकडे बघत उभे राहत. माझी बायको तिथंच पंच ऑपरेटर होती, म्हणजे कागदी कार्डांवर भोकं पाडून आकडे भरायची आणि दुसऱ्यांनी भरलेले तपासायची. आमचं लग्न त्या गार खोलीत जमलं असं सगळे म्हणायचे. जमलं कँटीनमध्ये, पण असो.

पुढे नवी छोटी मशीनं आली, हे गोदामात गेलं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं. कित्येक वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका भंगारवाल्याकडे जुना कूलर द्यायला गेलो तर मागच्या पत्र्याखाली चारही कपाटं उभी. एका कपाटाच्या दारावर मीच चिकटवलेली गणपतीची पट्टी अजून होती. मी तिथंच उभा राहिलो.

भंगारवाला म्हणाला, "साब, इसमें सोना है बोलके चार लोगां आके गए. तुमकू कायकू होना?"

"चालू करनेकू."

तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाला, "लेके जाओ. मगर वापस नक्को लाना."

पुंडलिकनगरातलं आमचं घर म्हणजे रो-हाउस. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. मशीन चालू करायच्या आधी त्यातले पंखे चालू करावे लागतात. पंखे म्हणजे छताचे नव्हेत, तळाशी बसवलेले ब्लोअर, जे खालून हवा ओढून सगळ्या कार्डांमधून वर सोडतात. मी घराला थ्री फेज मीटर घेतलं, स्टॅबिलायझर आणला आणि एका रविवारी नुसते ब्लोअर लावून पाहिले. पाच मिनिटांत शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं. ते सज्जन गृहस्थ. घड्याळ हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "किती वेळ चालणार आहे, एवढंच सांगा."

"आता चालणार नाही," हे उत्तर माझ्या बायकोनं आतून दिलं.

तेव्हा मला दादाची आठवण झाली. खरं सांगायचं तर आम्हां शहरात गेलेल्या धाकट्यांना गावाकडच्या थोरल्याची आठवण अशीच होते, काहीतरी ठेवायचं असलं की.

आमचं शेत फुलंब्रीच्या अलीकडे. विहीर वडिलांनी दोघांच्या नावे केलेली, म्हणजे पाणीही दोघांचं, आणि पाणी म्हणजे मोटर चालवायचे दिवस. त्याला आमच्याकडे पाळी म्हणतात. ज्याची पाळी त्या दिवशी मोटरला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ज्याची आहे त्यानं 'सोडली' असं तोंडानं म्हटलं तरच. वडिलांच्या वेळी एका चुलत्यानं न विचारता दुसऱ्याच्या पाळीत मोटर लावली होती. त्यावरून ती दोन घरं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. नोकरी लागल्यावर मी विहिरीच्या काठावर उभा राहून दादाला म्हणालो होतो, "माझी पाळी सोडली." तेव्हापासून पाणी सगळं त्याचं, माझ्या वाटणीची जमीनही तोच करायचा आणि धान्य न चुकता माझ्या दारात आणून टाकायचा.

मी त्याला मशीनचं सांगितलं. तो म्हणाला, "कडब्याची खोली रिकामीच हाय."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मशीन हर्सूलमार्गे गावाला गेलं. वाटेत दोघांनी थांबवून विचारलं, कोणत्या बँकेची तिजोरी आहे म्हणून. कडब्याची खोली विहिरीला लागूनच आहे, सिमेंटच्या विटांची, वर पत्रा. मी रीतसर वेगळं मीटर घेतलं, खाली फरशी केली, वर जुना कूलर बसवला. पण शेवटी वीज त्याच शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरून येणार, ज्याला सगळे डीपी म्हणतात. थ्री फेज, म्हणजे मोटर ओढू शकेल अशी वीज, मिळते सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आणि दादाची मोटर सुरू झाली की व्होल्टेज असं खाली बसतं की माझं मशीन जागच्या जागी बंद पडतं. दोन्ही एका वेळी चालणं शक्य नव्हतं.

मी जरा चाचरतच म्हणालो, "दादा, मला आठवड्यातला एक दिवस लागेल. शनिवार."

"मागतो कशाला? तुझीच पाळी हाय की."

असा शनिवार माझा झाला. सहा दिवस विहीर पिकाला पाणी द्यायची आणि सातव्या दिवशी थ्री फेज माझ्या कपाटांना मिळायची.

मशीनला चांगली अर्थिंग लागते. त्यासाठी दादानं स्वतः खोलीमागं खड्डा खणला. आत तांब्याची पट्टी, तिच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर. मी त्याला समजावलं की ही जमीन ओली राहिली पाहिजे, कोरडी पडली तर सगळं व्यर्थ. हे मी एकदाच सांगितलं. दादा रोज सकाळी विहिरीवर आला की त्या खड्ड्यात एक बादली ओतायला लागला. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, घरच्या तुळशीला मी पाणी घालते, तुमच्या कंप्युटरच्या तुळशीला हे घालतात."

पाच महिने गेले नुसतं वीज सोसायची सवय लावण्यात. वीज साठवणारे मोठे डबे असतात आत, कपॅसिटर. कित्येक वर्षं उपाशी राहिलेल्या त्या डब्यांना एकदम पूर्ण वीज दिली तर फुटतात. तापातून उठलेल्या माणसाला आधी पेज देतात तसं थोडं थोडं व्होल्टेज वाढवत न्यायचं. दर शनिवारी मी डबा घेऊन जायचो, दहा-वीस व्होल्ट वाढवायचो, मीटरकडे बघत बसायचो आणि पाच वाजता परत यायचो. बायको विचारायची, "काय झालं आज?" मी म्हणायचो, "काही नाही झालं." हीच चांगली बातमी असायची.

मग एका शनिवारी कन्सोलवरचे दिवे लागले. टेपवरून आमच्या वेळचा कॅलेंडर छापायचा प्रोग्रॅम चढला, प्रिंटर थडथडला आणि बारा महिने कागदावर उतरले. मी रडलो. दादा दारात उभा होता, त्यानं तसं दाखवलं नाही, पण त्यानं पाहिलं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "हे असं तारखा काढतं, तर आमचं पाळीचं पान काढून देईल का? कुणाचा दिवस कुठला, वर्षाचं?"

मी हसलो. म्हणालो, "दादा, विहिरीवर दोनच माणसं. त्याला एवढं मशीन कशाला? हातानं लिही की." तो बरं म्हणाला आणि गेला. तेव्हा मला यात काही गैर वाटलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात डीपी जळाली. दादानं त्याच पंधरवड्यात आल्याची लागवड केली होती. आलं म्हणजे अद्रक. आमच्या भागात ते लई लाडाचं पीक. बेणं मातीत टाकलं की ओल तुटता कामा नये, नाहीतर ते जमिनीतच सुकून जातं. आणि नेमकी तेव्हा डीपी गेली. सहा दिवस थ्री फेज नाही. दादा मला फोनवर सांगत होता, मी ऐकत होतो, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: गेला शनिवार वाया गेला, हाही जाणार.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "डीपी बदलली."

"वा! म्हणजे उद्या येतो."

तो जरा थांबला. "ये," म्हणाला आणि फोन ठेवला.

'डीपी बदलली' या दोन शब्दांत त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि मला एकही कळली नाही. शेतात मोटर वापरणाऱ्या कुणालाही विचारा. डीपी बदलली की तारा जोडताना फेज उलटसुलट होतात आणि मोटर उलटी फिरायला लागते. उलटी मोटर आवाज करते, फिरते, पण पाणी वर येत नाही. मग माणूस स्टार्टर उघडतो, दोन तारांची अदलाबदल करतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही काय सांगायची गोष्ट आहे? दादानं शुक्रवारी दुपारी वीज आल्याआल्या तेच केलं होतं. हे त्याच्या लेखी पहिलं सांगणं. आणि दुसरं म्हणजे, सहा दिवसांनी पाणी सुरू झालंय, अर्धंच रान भिजलंय. हे तर शेतकऱ्याच्या मुलाला कळायलाच हवं होतं. पण मी तीस-पस्तीस वर्षं गार खोलीत बसलेला माणूस. कारखान्यात असल्या तारा बघायला इलेक्ट्रिशियन असायचा. मी आपला वरून बटण दाबणारा.

शनिवारी नऊला पोचलो. दादा आल्याच्या रानात होता, लांबूनच हात केला. मी मेन स्विच टाकला, ब्लोअर सुरू केले, नेहमीप्रमाणे वरच्या जाळीवर कागदाची पट्टी धरून पाहिली. पट्टी हलली. हवा येतेय. मी मशीन चालू केलं आणि एक मोठा प्रोग्रॅम लावून खुर्चीत बसलो.

हे ब्लोअर उलटे फिरले तरी हवा थोडी येतेच, हे मला नंतर कळलं. येते, पण चौथाईसुद्धा नाही.

तासाभरानं मला वास आला. मी अजून खुर्चीतून उठतोय तोवर दादा धावत आत शिरला. सत्तरीचा माणूस, अनवाणी, हातात खुरपं. त्यानं काही न विचारता मेन स्विच खाली खेचला. खोलीत एकदम शांतता झाली आणि कपाटाच्या जाळीतून निळसर धूर वर आला.

"काय केलंस हे?" मी ओरडलो. टेप चालू असताना वीज तोडली म्हणून आधी राग आला, आणि धूर दिसल्यावर तो दुप्पट झाला.

"उलटं फिरत होतं," तो धापा टाकत म्हणाला. "रानातून आवाज आला. फिरतंय, पण ओढत नाय. पोकळ आवाज. मोटरचा बी असाच येतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. डीपी बदलली म्हणून."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. कारण एक गोष्ट मलाच ठाऊक होती. मशीन तापलं की आपोआप बंद पडावं म्हणून कपाटात एक स्विच असतो. उन्हाळ्यात तो सारखा मध्येच पडायचा, म्हणून एप्रिलमध्ये मीच त्याला तारेचा तुकडा लावून कायमचा जोडून टाकला होता. तो जागेवर असता तर दादाला पळत यायची गरजच पडली नसती. पण माणूस स्वतःच्या चुकीच्या जितका जवळ असतो तितक्या जोरात दुसऱ्यावर ओरडतो. मी म्हणालो, "पाळी द्यायची नव्हती तर सरळ सांगायचं होतंस. माझं मशीन जाळायची काय गरज होती?"

दादाचं तोंड उतरलं.

मी दाराला कुलूप घातलं, आणि जाता जाता, एवढ्यावर भागलं नाही म्हणून, वळून म्हणालो, "आणि पाच वाजेपर्यंत माझी पाळी आहे, लक्षात असू दे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, अर्थात तारेचा तुकडा सोडून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शुक्रवारी दादांचा फोन आला, तेव्हा आलं कसं आहे ते विचारलंत?"

"विषय तो नाहीये."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. आमच्याकडे बरं याचे पाच-सहा अर्थ होतात. हा त्यातला वाईट होता.

पुढचे तीन शनिवार मी गेलो नाही. रुसलेल्या लहान पोरासारखा घरात बसलो. मशीनचे नकाशे टेबलावर पसरून ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघायचं नाही, असं चाललं होतं. दादाचाही फोन नाही. चौथ्या शनिवारी बायकोनं डबा भरून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तारेचा तुकडा काढून या." तिला नकाशावर मी पेन्सिलनं केलेली खूण दिसली होती. पंच ऑपरेटर होती ती, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यातच तिची नोकरी गेली.

पोचलो तेव्हा दहा वाजले होते. थ्री फेज असणार, पण विहिरीवर चिडीचूप. दादा दिसला नाही. मी खोलीमागं गेलो आणि पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा ओला होता. चार आठवडे मी आलो नव्हतो, मशीन मेलेलं होतं, जून लागला तरी आभाळात एक ढग नव्हता, आणि त्या खड्ड्यातली माती नुकतं पाणी ओतल्यासारखी काळी होती.

वहिनी शेळीला पाला घालत होत्या. मी विचारलं, "मोटर का बंद आहे? लाईट नाही का?"

"लाईट हाय की."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावीशी वाटली. "शनिवार हाय ना, भाऊजी. तुमची पाळी. तुम्ही सोडली म्हणला नाय. त्या दिवशी तुम्ही गेला, पाच वाजेपर्यंत लाईट होती. मी म्हणलं, लावा मोटर, अर्धं रान वाळायलंय. तर म्हणले, त्यानं बजावून सांगितलंय. नंतर बी तसंच. शनिवार आला की नुसते बांधावर बसून राहतेत."

मी आल्याच्या रानात गेलो. विहिरीकडचे वाफे हिरवे होते, कोंब वर आलेले. पलीकडच्या अर्ध्या रानात नुसती माती. दादा तिथं उकिडवा बसून खुरप्यानं एक एक बेणं उकरून बघत होता. चांगलं निघालं की परत मातीत लावायचा, सुकलेलं निघालं की बाजूला टाकायचा. बाजूची रास मोठी होती.

त्या शनिवारी माझ्याकडे मोटरचे सात तास होते. जळक्या मशीनसाठी त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, आणि मी ते कुलपात घालून निघून गेलो होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. थोडा रागही आला. एवढा कसला हट्ट? शेत वाळलं तरी शब्द मोडायचा नाही? पण आम्ही एकाच बापाचे. हट्ट त्याच्याकडे होता तसा माझ्याकडेही होता, फरक एवढाच की त्याच्या हट्टात नुकसान त्याचं झालं आणि माझ्या हट्टातही त्याचंच.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती. मशीन मीच जाळलं." आणि तारेच्या तुकड्याचं सगळं सांगितलं.

त्यानं मान वर केली नाही. "फ्यूजला आम्ही बी तार लावतो कधी कधी," तो म्हणाला.

मी मोटरच्या खोपीत गेलो. नोकरी लागल्यापासून त्या स्टार्टरला माझा हात लागला नव्हता. हिरवं बटण दाबलं, मोटर घुमली आणि थोड्या वेळानं नळीतून पाणी रानाकडे पळालं. मी बाहेर येऊन पाळी सोडताना जिथं उभा राहिलो होतो त्याच काठावर उभा राहिलो आणि त्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "शनिवार सोडला! सगळे शनिवार!" दादा वाफ्यात उभा होता. पाणी त्याच्या पायापर्यंत आलं तेव्हा त्यानं तोंडावर गमछा फिरवला. तो घाम होता की काय, मी विचारलं नाही.

आलं अर्धंच आलं त्या वर्षी. बाकीच्या रानात त्यानं मका पेरला.

मशीन दुरुस्त करायला मला पावसाळा पुरला. मेमरीची दोन कार्डं आणि पॉवर सप्लायचे काही ट्रान्झिस्टर गेले होते. कार्डं घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर भिंग लावून जळका एक एक भाग सोडवून बदलला. बायको सर्किटच्या ओळी वाचून दाखवायची, मी जोडायचो. आम्ही दोघं पुन्हा कामावर असल्यासारखं वाटायचं. एक जुना रिले छावणीच्या बाजारात पान्हे-पक्कडींच्या ढिगात सापडला. तारेचा तुकडा काढून तापमानाचा स्विच जागेवर बसवला, ब्लोअरच्या तारा सरळ केल्या, आणि मेन स्विचजवळ एक छोटं यंत्र लावलं, फेज उलटी असली की लाल दिवा लागतो ते. दिवाळीनंतर विहीर तुडुंब होती आणि मक्याला पाणी नको होतं. असा एक दिवस बघून, दादाला विचारून, मी मशीन लावलं.

त्या दिवशी मी छापलं ते पाळीचं पान. प्रोग्रॅम घरीच लिहून आणला होता. पूर्ण वर्षाचं पान, वार इंग्रजी अक्षरांत, कारण त्या प्रिंटरला दुसरी लिपी येत नाही, आणि पाळी आकड्यात. एक म्हणजे दादा, दोन म्हणजे मी. मी सगळ्या तारखांपुढे एकच छापला होता. तीनशे पासष्ट वेळा एक.

दादानं कागद उजेडात धरला. त्याला आकडे चांगले कळतात. बोट फिरवत फिरवत तो खालपर्यंत आला आणि म्हणाला, "चुकलं तुझं मशीन."

"नाही चुकलं. मी शनिवार सोडले ना."

"तू सोडले. मी कुठं घेतले?"

त्यानं खिशातून पेन्सिल काढली, हिशेबाला नव्हे, आल्याच्या गोण्यांवर खुणा करायला तो ठेवतो ती, आणि कागद मशीनच्या कपाटावर टेकवून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकावर दोन काढला. बारा वेळा.

"सगळे नको," तो म्हणाला. "पण एक तरी ये. आणि उन्हाळ्यात आधी फोन करून विचार."

ते पान खोपीत स्टार्टरच्या वर खिळ्याला लावलं आहे. आता शुक्रवारी मी फोन करतो आणि आधी आल्याचं विचारतो, मग वहिनींचं, मग लाईटचं. मशीनचा विषय मी काढत नाही, तोच काढतो.

परवाच्या पहिल्या शनिवारी गेलो. दिवा हिरवा होता, फेज सरळ. तरी दादा रानातून आला, दारात उभा राहिला. मी ब्लोअर लावले, पट्टी हातात घेतली आणि पुन्हा खिशात ठेवली. त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान जरा वाकडी करून ऐकलं.

"ओढतंय," तो म्हणाला. मग मी मशीन चालू केलं.